सूर्य मावळायच्या आत राग कसा सोडावा

मराठीत कर्ज सोडतात आणि रागही सोडतात. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत हेच क्रियापद आहे: "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड." संडेस्कूलपासून ही ओळ तोंडपाठ होती, पण त्यातलं 'सोडले आहे' माझ्या कानाला जाणवलं ते लग्नानंतर. देवाकडे क्षमा मागायला येण्याआधी मी दुसऱ्याचं ऋण सोडून आलेली असायला हवी. रोजच्या रागाचं मी याच ओळीवरून बघते.

सुरुवात थांबण्यापासून. राग आला म्हणून स्वतःला पापी ठरवू नका. वाळल्या हाताच्या माणसाला बरं करताना येशूनेही भोवतालच्यांकडे रागाने पाहिलं, असं बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. प्रेषित पौलाचं इफिस शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना पत्रात सांगणं इतकंच, की रागावलात तरी पाप करू नका आणि राग मनात असताना सूर्य मावळू देऊ नका. म्हणून गॅस बंद करा, हातातलं भांडं खाली ठेवा, गॅलरीत जा. मोबाइल घरातच राहू द्या. रागात पाठवलेला मेसेज समोरच्याने एकदा वाचला की पुसून उपयोग नसतो.

मग देवाशी बोला, घरच्या भाषेत आणि त्या माणसाचं नाव घेऊन. छान शब्द शोधू नका. बायबलमधल्या 13व्या स्तोत्रात दावीद राजा देवाला थेट 'कुठवर?' असंच विचारतो. तक्रार देवाकडे गेली की ती शेजारणीकडे जात नाही, हा मोठा फायदा.

तिसरी पायरी सगळ्यात अवघड. देवाने निनवे शहराला क्षमा केली म्हणून संदेष्टा योना शहराबाहेर रुसून बसला, तेव्हा देवाने त्याला झापलं नाही, विचारलं: तुझं हे रागावणं बरोबर आहे का? तोच प्रश्न स्वतःला विचारा आणि आपलं नेमकं काय येणं राहिलंय ते शोधा. आमच्या जाऊबाईंनी बाप्तिस्म्याच्या जेवणाला माझं मोठं पातेलं नेलं. परत आलं तेव्हा कडेला अंगठ्याएवढा पोचा होता आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. दोन महिने मी धुसफुसत होते. प्रार्थनेत शोधल्यावर कळलं, पोच्याचं दुःख नव्हतंच. 'अगं, लागलं गं कुठेतरी' एवढं वाक्य मला हवं होतं. येणं सापडलं की ते सोडता येतं. प्रभूची प्रार्थना म्हणताना 'ऋण्यांस' या शब्दावर थांबा, मनात नाव घ्या, मोठ्याने म्हणा: प्रभू, मी हे सोडलं.

मन भरून येईल किंवा काहीच वाटणार नाही. दोन्ही चालतं.

जमेल तर जाऊन बोला. वेदीजवळ अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट कर, असं येशू म्हणतो. मी प्रभुभोजनाच्या रविवारी उपासनेआधी जाऊबाईंना गाठलं. पातेल्याचा विषय न काढता म्हटलं, "ताई, मी बरेच दिवस तुमच्याशी नीट बोलत नव्हते. माफ करा." त्या माझा हात धरून बसल्या. दर वेळी असं होईलच असं नाही, पण मऊ बोलण्याने सुरुवात केलेली बरी.

हे सगळं रोजच्या कुरबुरींसाठी आहे. घरात मारहाण होत असेल तर गप्प सोसणं ही क्षमा नव्हे. आधी सुरक्षित जागी जा, 112 किंवा महिलांसाठीच्या 181 वर फोन करा, पाळकांना सांगा. क्षमेचं नंतर बघता येईल.

आणि सोडलेला राग परत येतो, तेव्हा घाबरू नका. सात वेळा क्षमा करू का, असं येशूच्या शिष्याने, पेत्राने विचारलं, त्यावर येशूने सत्तर वेळा सात सांगितलं. मला एका पातेल्यालाच पाच-सहा वेळा लागल्या. भात टाकताना पोचा दिसायचा, जीव कडू व्हायचा, आणि तांदूळ धुता धुता मी पुन्हा जाऊबाईंचं नाव घ्यायचे.