फणस खावा कसा: कुयरीपासून आठळीपर्यंत

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरामागे फणसाची तीन झाडं आहेत, दोन बरके, म्हणजे मऊ रसाळ गऱ्यांचे, आणि एक कापा, म्हणजे घट्ट गऱ्यांचा. मे महिना लागला की मुंबई-पुण्याहून फोन सुरू होतात. फणस खाल्लेला चांगला ना? साखरेला चालतो का? मुलाला किती देऊ? दरवेळी मला आधी हेच विचारावं लागतं की कुठला फणस. कुयरी (कोवळा फणस), जून झालेला कच्चा फणस, पिका गरा आणि आठळी (गऱ्यातली बी) एकाच झाडाची असली तरी अंगाला चौघांचं वेगवेगळं लागतं.

माझ्या मते सगळ्यात गुणाचा कच्चा फणस. पिकताना पिठूळपणाची साखर होते, म्हणून कच्च्यात साखर कमी आणि चोथा जास्त. ह्यांना बारा वर्षं मधुमेह आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुयऱ्या धरल्या की आठवड्यातून दोनदा तरी भाजी होते: कुयरी उकडायची, ठेचायची, मोहरी-हिंग-सुक्या मिरचीची फोडणी, वर ओलं खोबरं. पण ज्या दिवशी ही भाजी, त्या दिवशी ह्यांच्या पानात भात निम्मा. ही अट मी सोडत नाही. आंध्रात श्रीकाकुळमला मधुमेहाच्या ४० रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०२१ साली छापून आला. काही जणांना रोजच्या भाता-पोळीतलं थोडं काढून त्याऐवजी ३० ग्रॅम कच्च्या फणसाचं पीठ १२ आठवडे दिलं. त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर उतरली. अभ्यास लहान आहे, पण त्यातलं ‘त्याऐवजी’ लक्षात ठेवा. भात तेवढाच आणि वर भाजीही, असं केलंत तर फणसाला दोष देऊ नका.

आता पिका फणस. काट्यांवरून हात फिरवा. कच्च्याचे काटे टोकदार आणि दाट असतात, पिकत आला की ते पसरतात, दबतात. बोटांनी वाजवलं तर टणक आवाज जाऊन बद्द आवाज येतो, आणि वास तर ओटीवरून माजघरात पोचतो. बाजारातून आणताना देठाशी मऊ पडलेला, पाणी सुटलेला घेऊ नका.

फोडायच्या आधी जुनं गोणपाट अंथरा. दोन्ही हातांना मनगटापर्यंत आणि कोयत्याच्या किंवा विळीच्या पात्याला खोबरेल चोळा, सढळ हाताने. फणस उभा चिरला की मधल्या दांड्यातून पांढरा चीक ओघळतो. तो बोटांनी पुसू नका. एक सुकी काडी घ्या आणि चीक तिच्यावर गुंडाळत न्या, सासूबाई न्यायच्या तसा. काडीवर चिंचोक्याएवढा गोळा जमतो आणि खालचे गरे स्वच्छ राहतात. हाताला लागलाच तर साबणाने रगडू नका, आधी तेलाने सोडवा, मग साबण. दांडा कापून काढला की काप्याचे गरे एकेक करून निघतात. बरका असेल तर कोयतासुद्धा नको, पुरता पिकला की हातांनी उकलतो.

किती खायचे? मी एकदा काट्यावर तोलून पाहिलं. आमच्या काप्याचे आठळी काढलेले पाच मोठे गरे १०० ग्रॅमच्या आसपास भरले. १०० ग्रॅम गऱ्यांत साधारण १९ ग्रॅम साखर असते, आंब्यात १४च्या आसपास. म्हणजे फणस आंब्याहून गोड. धडधाकट माणसाने दुपारी सात-आठ गरे खावेत, पण जेवणावर नव्हे, चार वाजता, भूक असताना. शेतात राबणाऱ्याला, खेळून आलेल्या पोराला ही साखर लगेच कामाला येते. शिवाय पोटॅशियम केळ्याहून जास्त, ब-६ जीवनसत्त्व चांगलं, थोडं मॅग्नेशियम, पिवळ्याधमक रंगात कॅरोटिन. क जीवनसत्त्वासाठी मात्र फणस खाऊ नका, त्याला पेरू खा. ह्यांना मी तीन गरे देते आणि दोन तासांनी साखर तपासते. तुमच्या घरातल्या मधुमेही माणसाचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

हे पोटॅशियम सगळ्यांना मानवत नाही, आणि हे मी चूक करून शिकले. माझ्या वडिलांची मूत्रपिंडं दुबळी झाली होती. माहेरी गेले तेव्हा कापा घेऊन गेले आणि रोज वाटीभर गरे त्यांच्यापुढे ठेवले. ते आवडीने खात होते, मला बरं वाटत होतं. आठवड्याने रक्त तपासलं तर पोटॅशियम वाढलेलं. डॉक्टरांनी खाण्यापिण्याची चौकशी केली तेव्हा माझ्या हातातलं बळच गेलं. वेळेत कळलं, औषधाने आटोक्यात आलं. दुबळ्या मूत्रपिंडांना ते पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, साचलं तर हृदयाच्या ठोक्यांवर येतं. घरात असा आजार असेल तर विचारल्याशिवाय एक गराही देऊ नका. रबराच्या चिकाची ॲलर्जी असणाऱ्यांनीही जपून.

बरक्याचा रस निघाला की आमच्याकडे सांदणं होतात: तांदळाच्या कण्या, रस, गूळ, ओलं खोबरं, वाफेवर वीस मिनिटं. चवीला सुरेख, पण ते गोडाचं खाणं आहे, औषध म्हणून वाढू नका.

शहरातली माणसं आठळ्या कचऱ्यात टाकतात, तेव्हा माझा जीव तुटतो. गऱ्यापेक्षा आठळीत प्रथिनं जास्त. मात्र कच्ची कधीच खाऊ नये, तिच्यातली काही द्रव्यं प्रथिनं पचू देत नाहीत आणि ती शिजवल्यावर निकामी होतात. मीठ घालून कुकरला तीन-चार शिट्ट्या द्या, वरचं पांढरं साल सोला, आतलं तांबूस राहू द्या. वायू धरत असेल तर पाच-सहाच खा आणि भाजीत हिंग-ओवा घाला.

पावसासाठी ठेवायच्या तर धुऊन सावलीत कोरड्या करा, तांबड्या मातीत घोळवा आणि ओल न लागणाऱ्या कोपऱ्यात रास घाला. पहिल्या पावसाने टाकळा उगवला की त्याच्या भाजीत चार आठळ्या चेचून पडतात, श्रावणात अळूच्या फतफत्यात. आमची रास गणपतीपर्यंत पुरते.