अळूवडी वळता येते ना? मग सार्माही येईल

दर मे महिन्यात इंदिरानगरच्या आमच्या घरी ओट्यावर सात-आठ मुलं जमतात, सात ते बारा वयाची. मी अनेक वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे सुट्टीत मुलं नसली की घर सुनं वाटतं. पहिल्या वर्षी मी रोज एक देश घेतला होता. झेंडा रंगवायचा, एक पदार्थ खायचा, की दुसऱ्या दिवशी पुढचा देश. शेवटी विचारलं तर मुलांना इटली म्हणजे पास्ता एवढंच आठवत होतं, आणि तो त्यांना आधीच माहीत होता. तेव्हापासून मी देश घेऊन सुरुवात करत नाही. घरातली एखादी कृती घेते, वळणं, भरणं, आंबवणं, आणि ती आणखी कुठे कुठे करतात ते शोधायला लावते. सुट्टीत असे दोनच विषय घ्या. जास्त घेतले की पुन्हा झेंड्यांसारखंच होतं.

नाशकात पहिला विषय आयता मिळतो, द्राक्षाचं पान. तुर्कस्तान, ग्रीस, आर्मेनिया, अझरबैजान या सगळ्या पट्ट्यात द्राक्षाच्या पानात भात गुंडाळून शिजवतात, तुर्की भाषेत त्याला सार्मा म्हणतात. अझरबैजानची ही परंपरा 2017 मध्ये युनेस्कोच्या यादीतही आली. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीला नवी फूट येते, त्यामुळे मे महिन्यात पानं कोवळी असतात. पण एक गोष्ट कळकळीने सांगते, बागेतली पानं आणू नका. निफाड-दिंडोरीकडे नातेवाइकांची बाग असली तरी नाही. त्या पानांवर डाऊनी-भुरी या बुरशीच्या रोगांसाठी औषधाच्या फवारण्या झालेल्या असतात आणि त्या धुऊन पूर्ण जात नाहीत. मी फाटकावरच्या आमच्या वेलीची पानं वापरते, तिला कधीच काही मारत नाही. अशी वेल मिळत नसेल तर कोबीच्या पानात करा. कोबीची सार्मा तुर्कस्तानात आणि बाल्कन देशांतही होते, त्यामुळे ती नक्कल ठरत नाही.

शेंड्यापासून तिसरं-चौथं, तळहाताएवढं पान घ्या. साधारण चाळीस लागतील. देठ मुलांना बोथट कात्रीने कापू द्या. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात पानं दोन मिनिटं बुडवून काढायची, हे काम मात्र मोठ्यांनीच करायचं. हिरवा रंग मेंदीसारखा झाला की पान तयार.

सारणासाठी दोन कांदे बारीक चिरून तेलात मऊ करा. त्यात वाटीभर धुतलेला इंद्रायणी तांदूळ, मूठभर मनुके, सुका पुदिना, चिमूटभर दालचिनी, मिरपूड, मीठ आणि वाटीभर पाणी घालून तांदूळ अर्धवट शिजवा. तिकडे ऑलिव्हचं तेल आणि चिलगोजे घालतात. मी शेंगदाण्याचं तेल आणि भरड दाणे घालते, आणि ही आपली सोय आहे, तिथली रीत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगते. न सांगता बदल केला तर मुलांच्या डोक्यात चुकीचंच पक्कं बसतं.

पान शिरांची बाजू वर करून ठेवायचं. एखादं मूल हमखास ‘ईऽ, पानं खातात?’ म्हणतं. तेव्हा मी रागवत नाही, अळूवडी आठवते का एवढंच विचारते. अळूचंही पान असंच उलटं ठेवून वळतो ना? लगेच हात चालायला लागतात. चमचाभर सारण देठाच्या बाजूला ठेवायचं, दोन्ही कडा आत दुमडायच्या आणि करंगळीएवढी गुंडाळी वळायची. सैल वळू नका, पण फार आवळूही नका, कारण भात फुगतो.

सारखेपणा दिसला की फरकही दाखवा, नाहीतर ‘हे तर आपलंच’ म्हणून मुलं मोकळी होतात. अळूची खाज मोडायला आपण चिंच घालतो. द्राक्षाचं पान मुळातच आंबट असतं. चिंच आणि द्राक्ष या दोन्हींत टार्टारिक आम्ल असतं. मी कोवळ्या पानाचा धुतलेला तुकडा आणि चिंचेचं बुटूक मुलांना आलटून पालटून चाखायला देते. शब्दही सांगा. तुर्की भाषेत सार्मा म्हणजे गुंडाळलेलं आणि दोल्मा म्हणजे भरलेलं. मागच्या वर्षी एक मुलगी घरी जाऊन आईला म्हणाली, “आज वांग्याची दोल्मा कर.” आईने भरली वांगी केली, आणि ते अगदी बरोबर होतं.

पातेल्यात तळाशी फाटकी पानं पसरा, गुंडाळ्या तोंड खाली करून खेटून लावा आणि वर ताटली दाबून ठेवा. बुडेल इतकं पाणी आणि एका लिंबाचा रस घालून मंद आंचेवर चाळीस मिनिटं ठेवा. ही तेलातली सार्मा गार झाल्यावर, लिंबू पिळून खातात.

शिजेपर्यंत एब्रू करा. ही तुर्कस्तानची पाण्यावर रंग तरंगवण्याची कला. पारंपरिक पद्धतीत पाणी एका डिंकाने दाट करतात. त्याला तिकडे कित्रे म्हणतात आणि आपल्याकडे कतीरा. आदल्या रात्री लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम कतीरा भिजत घाला आणि सकाळी फडक्यातून गाळा. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या ऑइल पेंटचे थेंब काडीने सोडा, सुईने ओढा आणि वर कागद अलगद टेकवा. टर्पेंटाइन उघड्यावर आणि मोठ्यांनीच हाताळायचं. पाण्यावरची रांगोळी पाहिलेल्या मुलांना हे चटकन जमतं.

दुसरा विषय नागली, म्हणजे नाचणी. पेठ-सुरगाण्याकडून येणारं हे धान्य मूळचं पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातलं. केनियात आंबवलेल्या पिठाची पेज करतात, तिला उजी म्हणतात, आणि नागलीला स्वाहिलीत विंबी. वाटीभर पीठ तीन वाट्या पाण्यात कालवून एक रात्र झाकून ठेवा. सकाळी आणखी पाणी घालून, ढवळत दहा मिनिटं शिजवा. निम्म्यात साखर घाला, ती उजी. निम्म्यात ताक, मीठ आणि जिरं घाला, ती आपली अंबील. दोन्ही शेजारी ठेवून प्यायला द्या.

सोबत सुकलेला दुधी भोपळा रंगवायचा. केनियातले कॅलेंजिन लोक भोपळ्यात दूध आंबवून मुर्सिक करतात, आणि शर्यत जिंकून परतलेल्या धावपटूंचं स्वागत तेच पाजून होतं. मुलं हे ऐकताना डोळे विस्फारतात. मग मी तारपा या आदिवासींच्या फुंकून वाजवायच्या वाद्याचा फोटो दाखवते, त्याचाही भोपळाच असतो. गेरू लावून त्यावर तांदळाच्या पिठाने प्रत्येकाला हवं ते काढू देते.

भोपळा मात्र मे महिन्यात शोधून मिळणार नाही. थंडीतच एक दुधी वेलीवर जून होऊ द्या आणि देठासकट तोडून हवेशीर जागी टांगा. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की तो तयार झाला.