नागपुरात उन्हाळी शिबिर भरवताय? या चुका टाळा

"आपली पोरं नागपूरची, त्यांना ऊन काय नवं?" शिबिराच्या पहिल्याच बैठकीत हे वाक्य हमखास ऐकू येतं आणि पुढच्या बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात. शरीराला उन्हाची सवय होते हे खरं, पण ती गावावरून मिळत नाही. रोज थोडा थोडा वेळ उन्हात हालचाल केली तर एक ते दोन आठवड्यांत घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. परीक्षा संपेपर्यंत कूलरसमोर बसलेल्या मुलाला ही सवय नसतेच. म्हणून पहिले तीन-चार दिवस मैदानावर एक तासापेक्षा जास्त नको. धावण्याच्या शर्यती आणि सामने दुसऱ्या आठवड्यात ठेवा. उशिरा दाखल झालेल्या मुलाचे दिवस वेगळे मोजा. शिबिराचा दहावा दिवस त्याच्यासाठी पहिलाच असतो.

संध्याकाळी पाचची बॅच

पालकांना सोयीची म्हणून ही बॅच ठेवतात. पण मे महिन्यात नागपूरचं तापमान दुपारी तीन-चारच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि पाच वाजता ते फारसं उतरलेलं नसतं. वर डांबर, भिंती, फरशी दिवसभर साठवलेली उष्णता बाहेर टाकत असतात. सूर्य साडेपाच-पावणेसहाला उगवतो, तेव्हा सहाला सुरू करा, साडेआठला मैदान रिकामं करा आणि चित्रकला-बुद्धिबळ नंतर हॉलमध्ये घ्या. संध्याकाळ हवीच असेल तर साडेसहानंतर. मैदानी प्रदेशात पारा ४५ अंशांवर गेला की हवामान खातं उष्णतेची लाट मानतं, ४७ला तीव्र लाट. असा इशारा आला की त्या दिवशी मैदान बंद. २५ मेच्या आसपास सुरू होणाऱ्या नवतपात, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर बाहेरचे खेळ ठेवूच नयेत.

टर्फवरच्या बॅचचं गणित आणखी वेगळं आहे. कृत्रिम गवत उन्हात खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं. तळहाताची मागची बाजू त्यावर टेकवा. पाच सेकंद ठेवता आली नाही तर मुलांना तिथे उतरवू नका.

"तहान लागली की प्या"

खेळात गुंगलेल्या मुलाला तहान उशिरा कळते. नऊ ते बारा वर्षांच्या मुलाला दर २० मिनिटांनी १०० ते २५० मिली पाणी लागतं. जोरात खेळणाऱ्या किशोरांना तासाला एक लिटर किंवा थोडं जास्तही. हिशेब असा करा: ४० मुलं, तीन तास, दर २० मिनिटांनी २०० मिली. म्हणजे एका मुलाला १.८ लिटर आणि सगळ्यांना मिळून ७२ लिटर. २० लिटरचे चार कॅन फक्त पिण्यासाठी लागतात, हात-तोंड धुण्याचं पाणी वेगळं. शिट्टी वाजवून खेळ थांबवा आणि प्रत्येकाने प्यायलं का ते डोळ्यांनी बघा.

मुली पाणी पीत नसतील तर आधी स्वच्छतागृह बघा. ते घाण असलं किंवा कडी लागत नसली, तर मोठ्या मुली सकाळपासून मुद्दाम घोट घोट पितात. त्यांना रागावून उपयोग नाही. कडी दुरुस्त करा, बादली-साबण ठेवा, पॅड कुठे ठेवलेत ते ताईंनी पहिल्याच दिवशी सांगावं.

ओआरएसमध्येही नेहमीची चूक होते: एक लिटरचं पाकीट एका बाटलीत किंवा ग्लासात विरघळवणं. असं घट्ट द्रावण फायद्याऐवजी अपाय करतं. पाकिटावर २०० मिली लिहिलंय की एक लिटर, ते वाचा आणि तेवढंच पाणी मोजून घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. गोड, रंगीत खोक्यांतली पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. पन्हं आणि ताक घरून आलं तर उत्तमच.

ऊन लागलेलं ओळखता न येणं

"घाम थांबला की ऊन लागलं" हा समज धोक्याचा आहे. खेळता खेळता ऊन लागलेल्या मुलाला भरपूर घाम सुटलेला असू शकतो. लक्ष ठेवायचं ते वागण्यावर. सोपा झेल सुटतो. नाव विचारलं तर भलतंच उत्तर येतं. एरवी शांत असणारं पोर चिडचिड करतं, पाय वेडेवाकडे पडतात. डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे येणं ही आधीची पायरी. तिथेच सावलीत बसवून, कपडे सैल करून, पाणी दिलं तर बहुधा निभावतं. पण बोलण्यात गोंधळ दिसला, झटका आला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजा.

तेव्हा १०८ला फोन करा आणि गाडीची वाट न बघता तिथेच थंड करायला लागा. नुसतं उचलून दवाखान्याकडे पळणं ही सर्वांत महागात पडणारी चूक, कारण वाटेतली मिनिटंच मेंदू-मूत्रपिंडांना इजा करतात. मोठा टब असेल तर डोकं धरून मुलाला गळ्यापर्यंत गार पाण्यात बसवा. नसेल तर अंगभर पाणी ओतत राहा आणि पंखा किंवा पुठ्ठ्याने जोरात वारा घाला. नागपूरची हवा मे महिन्यात कोरडी असते, पाणी झपाट्याने उडतं आणि अंग गार होतं. मान, काखा, जांघांत बर्फाच्या पिशव्या ठेवा. पॅरासिटामॉल देऊ नका, हा ताप त्याने उतरत नाही. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. काखेतला थर्मामीटर कमी आकडा दाखवतो, त्याच्या भरवशावर थांबू नका.

फॉर्ममध्ये सिकलसेल न विचारणं

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. विदर्भात त्याचा रकाना हवाच. सिकलसेलच्या मुलाला पाणी कमी पडणं, दमछाक आणि एकदम थंड पाण्यात उडी, या तिन्हींनी असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. वाहक मुलालाही उन्हात अति धावणं बाधू शकतं. त्याला खेळातून काढू नका. शर्यतीऐवजी दमाने खेळ, जास्त वेळा पाणी, पोहायला हळूहळू उतरणं, एवढं सांभाळा. दम्याचा इनहेलर शिक्षकाच्या हातातल्या पिशवीत हवा, तापलेल्या गाडीत नको.

हॉलमधला कूलर

लोखंडी कूलर, ओली फरशी आणि अनवाणी पोरं. पंपाची वायर सोलवटली आणि अर्थिंग नसलं की अख्खी बॉडी करंट धरते. कूलरच्या शॉकच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचतो, तरी दोन पिनांचा प्लग खोचून मोकळे होतो. तीन पिनांचा प्लग, बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), त्याचं टेस्ट बटण शिबिराआधी दाबून बघणं, पाणी भरताना प्लग काढणं आणि पुढे बाक लावून मुलांना हातभर लांब ठेवणं. कुणी चिकटलंच तर त्याला धरू नका, आधी मेन स्विच पाडा.

पाणी आणि वीज

बुडणारं मूल बहुतेकदा ओरडत नाही, गुपचूप खाली जातं. जीवरक्षक असला तरी काठावर एक मोठा माणूस हवा आणि त्याच्या हातात मोबाइल नको. पाण्याखाली श्वास रोखायच्या पैजा किशोरांना आवडतात, त्या साफ बंद करा. फुटाळा-अंबाझरी तलावांवर फिरायला नेलं तरी काठाचा गाळ आणि अचानक येणारी खोली लक्षात ठेवा, पाण्यात पाय घालू देऊ नका.

मे महिन्यात दुपारनंतर अवकाळी वादळ उठतं. गडगडाट ऐकू आला की सगळे पक्क्या इमारतीत. झाडाखाली नाही, बाजू उघड्या असलेल्या टिनाच्या शेडमध्येही नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटांनीच बाहेर. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप शिक्षकांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

सुटतानाची घाई

मोजणी येताना, प्रत्येक जागा बदलताना आणि जाताना, तीही नावं घेऊन. नुसती डोकी मोजली की शेजारच्या बॅचचं पोर भर घालतं. न्यायला कोण येणार ते लेखी असावं. कुठलाही मोठा माणूस एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटा राहणार नाही हा नियम सर्वांना लागू, आणि १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर मुलांना दिसेल असा भिंतीवर. व्हॅन रिकामी झाली की चालकाने मागच्या सीटपर्यंत स्वतः वाकून बघायचं, सीटखालीही, आणि मगच दार लावायचं. झोपलेलं लहान मूल आरशात दिसत नाही आणि बंद गाडी उन्हात काही मिनिटांतच तापते.