सेटिंगला हात लावायच्या आधी

मागच्या मे महिन्यात नागपूरच्या महाल भागातल्या भाच्याचा फोन आला. "मामा, पीसी सेफ मोडमधून बाहेरच नाही येऊन रायला." सेफ मोड म्हणजे विंडोज अगदी जुजबी गोष्टींवर सुरू होण्याची दुरुस्तीची पद्धत. पठ्ठ्यानं कुठलासा व्हिडिओ पाहून विंडोजच्या 'एमएसकॉन्फिग' या सेटिंगच्या खिडकीत सेफ बूटवर टिक केली होती, म्हणून पीसी दरवेळी त्याच मोडमध्ये सुरू व्हायचा. तिथे त्याचा पिन चालेना आणि पासवर्ड आठवेना. मोबाइलवर ओटीपी घेऊन मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड बदलला, पण त्या मोडमध्ये पीसीला नेटच नाही, तर नवा पासवर्ड त्याला कळणार कसा? शेवटी विंडोजच्या रिकव्हरीतून (दुरुस्तीच्या पडद्यावरून) कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडायला गेलो, तर पीसीनं बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, 48 आकडी की (किल्ली) मागितली. ती खात्यावर सापडली. मी आकडे वाचत होतो, तो टाइप करत होता, दोनदा चुकला. एक टिक काढायला अख्खी संध्याकाळ गेली.

म्हणून पिनच्या भरवशावर राहू नका, खात्याचा खरा पासवर्ड आधी एकदा टाकून पाहा. बिटलॉकरची की कागदावर उतरवा, आणि तो कागद पीसीपासून दूर, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. डेस्कटॉपवरच्या फाइलमध्ये की लिहिणं म्हणजे किल्ली आत ठेवून कुलूप लावणं. 'आमच्याकडे बिटलॉकर नाही' असं म्हणणाऱ्यांनीही एकदा बघावं. विंडोजच्या होम आवृत्तीतही तसंच कुलूप, डिव्हाइस एन्क्रिप्शन, गुपचूप चालू असू शकतं, आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) काही बदललं तर ते अचानक ही किल्ली मागू शकतं.

मग रिस्टोर पॉइंट, म्हणजे बिघडलं तर विंडोजची सेटिंग मागे नेता येईल अशी खूण. स्टार्टमध्ये 'रिस्टोर पॉइंट' शोधा, सी ड्राइव्हचं प्रोटेक्शन बहुतेक बंदच सापडेल, ते चालू करा आणि आजच्या तारखेचा पॉइंट बनवा. यानं फोटो-कागदपत्रं जात नाहीत, पण नंतर टाकलेले प्रोग्राम जातात. त्यामुळे याला बॅकअप समजू नका, कामाच्या फाइल वेगळ्या डिस्कवर घ्याच. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, बोट घालणार असाल तर तेवढा भाग आधी एक्स्पोर्ट करा, म्हणजे त्याची प्रत फाइलमध्ये काढून ठेवा. बायोसमध्ये जाणार असाल तर प्रत्येक पानाचा मोबाइलनं फोटो काढा. साटा मोड (पीसी डिस्कशी कसा बोलतो ते सेटिंग) एएचसीआयवर होता की रेडवर (RAID), हे नंतर कोणी शपथेवर सांगू शकत नाही, आणि तो चुकला की विंडोज निळा पडदा दाखवून बसतं.

विंडोज सुरूच झालं नाही तर हाताशी असावा म्हणून निदान 8 जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जातं, म्हणून लग्नाच्या फोटोंचा नको. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं त्यावर विंडोजच्या इन्स्टॉलेशनच्या फाइल टाका, पण पीसी धड असतानाच, कारण तो बिघडल्यावर शेजाऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं. त्यावरून एकदा पीसी सुरू (बूट) करूनही बघा. बूट मेनूसाठी, म्हणजे कशावरून सुरू करायचं ते निवडायला, पीसी चालू होताच डेलला एफ12, एचपीला एफ9 दाबा.

आणि वीज. रिस्टोर चालू असताना लाइट गेली तर होतं तेही हातचं जातं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी एकाच बोर्डावर कूलर आणि पीसी लावून हे काम काढू नका. यूपीएस नसेल तर पहाटे पाचला बसा.