मुलांना औषध पाजताना या चुका टाळा

औषधाची बाटली दिसली की पोरगं पलंगाखाली, हे घरोघरी चालतं. पण मग मोठी माणसं जे काय करतात ते बघून माझा जीव खालीवर होतो, म्हणून लिहितेय.

सगळ्यात वाईट म्हणजे नाक दाबून पाजणं. नणंदेकडे मुलाला ताप होता, अडीच वर्षांचा. आजींनी पायावर आडवा घेतला, काकाने हात धरले, कुणीतरी नाक दाबलं आणि चमचाभर औषध ओतलं घशात. पोरगं रडत होतं, नाक बंद म्हणजे श्वास तोंडानेच घेणार ना, असा ठसका लागला की चेहरा लालबुंद, खोकून खोकून शेवटी उलटी. औषध गेलं ते गेलंच, वर पुढे कितीतरी दिवस वरणभाताचा चमचा बघूनही तो तोंड फिरवायचा. अहो, ते औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं! "आम्ही बोंडल्याने असंच पाजायचो" हे मला सांगू नका. मी मुलाला मांडीवर ताठ बसवते, मेडिकलमधून आणलेली बिनसुईची सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला लावते आणि थेंब थेंब सोडते, गिळलं की पुढचं. वेळ लागतो, लागू दे. दोन मिनिटांत उरकायची घाई असेल त्याने औषध दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यावं.

दुसरं, ड्रॉप्स आणि सिरप एकच समजणं. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये बहुतेक वेळा 1 एमएलला 100 मिग्रॅ असतं, साध्या सिरपमध्ये 5 एमएलला 125, म्हणजे ड्रॉप्स चौपट कडक. सिरपच्या मापाने ड्रॉप्स दिले तर काय होईल बघा. त्यात सिरप 5 एमएलला 250 मिग्रॅचंही येतं. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे शेजारच्या मुलाला किती दिलं ते विचारून आपल्याला काही उपयोग नाही. लेबल वाचा, आणि घरातला चहाचा चमचा तर वापरूच नका, कुठलाच सारखा नसतो.

औषधाला चॉकलेट म्हणू नका, मग एक दिवस पोरगं स्वतःच बाटली उघडून बसतं.

दुधाच्या भरल्या बाटलीत औषध मिसळू नका, अर्धं दूध टाकलं तर किती औषध पोटात गेलं कसं कळणार?

वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून काहीही नको, चाटण पण नको.

उलटी झाली की लगेच परत डोस देऊ नका, किती वेळाने झाली ते डॉक्टरांना सांगून विचारा.

मागच्या वेळचं उरलेलं सर्दीचं औषध तर अजिबात नाही. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन हे सर्दीच्या औषधांतले दोन घटक एकत्र असलेली औषधं 4 वर्षांखालच्यांना द्यायची नाहीत, सरकारने 2023 मध्येच लेबलवर तसं छापायला सांगितलंय.

आणि अँटिबायोटिकची पावडर असेल तर उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंतच घाला, प्रत्येक वेळी बाटली नीट हलवा, नाहीतर औषध तळाशी राहतं आणि मूल नुसतं गोड पाणी पितं.