चौपेडी वेणी आणि लेकीची फिट

माझी लेक तेरा वर्षांची. दीड वर्षापासून फिटसाठी लेव्हेटिरासेटाम ही गोळी चालू आहे. शेजारच्या काकूंनी तिला ‘मेंदूत शॉर्टसर्किट होते’ असं सांगितलं, तेव्हापासून पोरगी पंख्याचं बटणही भीतभीत दाबायची. मग फिट म्हणजे काय ते दाखवायला मी इतवारीच्या बाजारातून रिबिनी आणल्या. तुम्हालाही घरी समजवायचं असेल तर असं करा.

चार रिबिनी घ्या: एक लाल, एक निळी, दोन पिवळ्या. बडीशेपेची छोटी पुरचुंडी बांधा. ही चेतापेशीच्या टोकाला असलेली रसायनाची पिशवी. खुर्चीचा पाय म्हणजे पेशीची भिंत. पिशवी भिंतीला मिळाली तरच रसायन बाहेर सांडतं आणि पुढच्या पेशीला निरोप जातो.

लाल रिबीन पुरचुंडीला बांधा, हे पिशवीवरचं प्रथिन, सिनॅप्टोब्रेव्हिन. निळी खुर्चीला, हे भिंतीवरचं प्रथिन, सिंटॅक्सिन. दोन्ही पिवळ्याही खुर्चीलाच, कारण स्नॅप-२५ हे एकच प्रथिन दोन पेड देतं. आता मोकळ्या टोकांकडून पीळ घालत बांधलेल्या टोकांकडे या. पुरचुंडी आपोआप खुर्चीकडे ओढली जाते. उलटीकडून सुरुवात केली तर काहीच कळत नाही, मी आधी तेच केलं. शेवटचा पीळ बाकी ठेवा. तिथे सिनॅप्टोटॅग्मिन नावाचं प्रथिन कॅल्शियमची वाट पाहतं. टाळी वाजवा, ‘कॅल्शियम आलं!’ म्हणा, तो पीळ पूर्ण करा आणि पुरचुंडी उघडा. खऱ्या पेशीत हे एका मिलिसेकंदाच्या आत होतं.

काही पिशव्यांत ग्लुटामेट असतं, ते ‘चल’ म्हणतं. काहींत गाबा, ते ‘थांब’. हा तोल ढळून खूप पेशी एकदम पेटल्या की फिट येते. सिंटॅक्सिनला सांभाळणाऱ्या प्रथिनाच्या एसटीएक्सबीपी१ जनुकात बिघाड असला तर तान्हेपणीच झटके सुरू होऊ शकतात. पण फिटची कारणं अनेक. लेकराला ‘तुझी वेणीच सैल आहे’ असं चुकूनही म्हणू नका.

शेवटी पुरचुंडीला एक टिकली लावा. हे एसव्ही२ए प्रथिन. तिची गोळी इथे चिकटते. गंमत म्हणजे गोळी १९९९ साली अमेरिकेत मंजूर झाली, आणि ती चिकटते कुठे हे २००४ मध्ये कळलं.

लेकीने टिकलीकडे पाहून विचारलं, “मग आजीच्या चपलेचा वास कुठे चिकटते?”

कुठेच नाही. त्याच दिवशी आजीला बसवून सांगितलं: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटं उलटली तर दवाखाना. मागच्या वेळी आजीने चपलेला हात लावला नाही, घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं.