हेलिओट्रोप लावायचा तर पाऊस ओसरल्यावरच

चवथ सरली की परसातल्या कुंड्यांकडे पुन्हा लक्ष जाते. हेलिओट्रोप (जांभळ्या, सुवासिक फुलांचे झुडूप) लावायचा असेल तर कुंड्या आताच भरून ठेवा, पण रोप आणा दसऱ्यानंतर, पाऊस खरोखर गेल्यावर. झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाचे. गोव्याचा तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस त्याला झेपत नाही, मुळे कुजतात. त्याला हिवाळ्याचा पाहुणा समजा आणि जूनमध्ये गेले तर हळहळू नका.

रोप घेताना जांभळ्या रंगावर भुलू नका. बियांपासून केलेल्या रोपांत वासाचा भरवसा नसतो. एकाला व्हॅनिलासारखा घमघमाट, तर शेजारच्याला नावालाही नाही. फुललेलेच रोप निवडा, नाक लावून बघा, मग पैसे द्या. त्याच्याच फांदीपासून केलेल्या रोपाला तोच वास राहतो.

जांभ्याची माती आम्लधर्मी आणि पावसात घट्ट बसणारी, म्हणून कुंडीच बरी. दहा इंची पुरते. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग नदीची रेती. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते खरी, पण तिच्यात मीठ असते. चुलीतली राख चिमूटभरच. सकाळचे ऊन अकरापर्यंत मिळावे, नंतर सावली. पाणी बुंध्याशी द्या, पानांवर नको. माती पूर्ण सुकू दिलीत तर पानांच्या कडा करपतात, चिखल ठेवलात तर मुळे जातात. बोट खुपसून बघण्याला पर्याय नाही. रोप वीतभर झाले की शेंडा खुडा, फुटवे वाढतात. पांढरी माशी दिसली तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी घालून संध्याकाळी फवारा.

फेब्रुवारीत तीन-चार इंचांचे कोवळे शेंडे कापून रेतीत रोवा. जगले तर पावसाळाभर पडवीत, पागोळ्यांपासून दूर ठेवा. सगळे जगणार नाहीत.

एक गोष्ट विसरू नका. शेताच्या बांधावर विंचवाच्या नांगीसारखा तुरा असलेली भुरुंडी उगवते ना, ती याचीच भावंड. दोघींतही यकृताला घातक अल्कलॉइड, म्हणजे झाडातली विषारी द्रव्ये, असतात आणि झाड वाळले तरी ती जात नाहीत. छाटलेल्या फांद्या गोठ्याकडे टाकू नका. कुंपणावर, गुरांच्या तोंडाला लागणार नाहीत अशा उंचीवर बांधा. ब्लू टायगर आणि कॉमन क्रो जातीची नर फुलपाखरे हीच द्रव्ये शोषायला वाळक्या काड्यांवर येतात.